बसल्यावर कुठे दुखतं

कृत्रिम पाय तयार करणाऱ्या त्या केंद्रात दोन मुख्य खोल्या होत्या. पुढच्या खोलीत माणसं यायची आणि मागच्या खोलीत त्यांचे पाय.

पुढची खोली मास्तरांची. पेशंटच्या उरलेल्या पायाभोवती प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून ते साचा घ्यायचे आणि पाय तयार झाला की दोन समांतर दांड्यांमधून पेशंटला चालवून बघायचे. मागच्या खोलीत यंत्रांची घरघर आणि पांढरी धूळ. साच्यावरून सॉकेट तिथे तयार व्हायचं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात जाऊन बसतो तो पेल्यासारखा भाग. ते घासायचं, आतून गुळगुळीत करायचं आणि कडा गोल करायच्या हे काम गेली एकोणीस वर्षं एकच बाई करत होती.

तिला सगळे गॉगलताई म्हणायचे. घासताना डोळ्यात कण जाऊ नये म्हणून ती मोठा जाड चष्मा लावायची, नाकातोंडावर मास्क बांधायची. पुढच्या खोलीत नवीन लागलेल्या कित्येकांनी तिचा पुरता चेहरा पाहिलाच नव्हता. एकदा ती मास्क काढून बाहेरच्या नळावर हात धूत होती, तर चौकीदारानं विचारलं होतं, "बाई, पाय दाखवायला आलात का? नंबर घ्या, बसा." तिनं मुकाट्यानं नंबर घेतला होता. केंद्रात हा किस्सा सांगून लोक अजून हसायचे, आणि ताईही हसायची. पण "मी इथलीच आहे" एवढे तीन शब्द आपल्या तोंडून का निघाले नाहीत, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

आई गेल्यापासून ती एकटीच राहायची. धाकट्या बहिणीला तिनंच वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. बहीण आता लांब दुसऱ्या देशात होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. शनिवारी केंद्र सुटलं की सोमवारपर्यंत त्या फोनशिवाय बोलायला कोणी नसायचं. सोमवारी सकाळी बसमध्ये तिकीट मागताना घशातून आधी नुसती खरखर यायची आणि मग आवाज. कंडक्टर म्हणायचा, "सर्दी झाली का?" ती मान डोलवायची. आवाज वापरलाच नाही म्हणून बसलाय, हे कसं सांगणार?

दिवसभरातलं तिचं बोलणं म्हणजे चार वाजताचा चहा. मास्तर दोन कप घेऊन मागच्या खोलीत यायचे आणि तिच्या बाकावर टेकायचे. दोघं चहा प्यायची. म्हणजे बोलायचे मास्तर. गुडघेदुखी, सुनेचा स्वभाव, "माझा पाय झाला का?" म्हणून रोज फोन करणारा पेशंट आणि "तुमचा पाय रंगवायला गेलाय" हे त्याला दिलेलं उत्तर. ताई ऐकायची. माणूस वाईट नव्हता. एकोणीस वर्षांत एकदाही ते तिचा कप विसरले नव्हते.

पण अकरा वर्षांपूर्वी एक गोष्ट झाली होती. एका सॉकेटच्या आत एकाच जागी अस्तर झिजलेलं पाहून ताई पुढच्या खोलीत गेली होती आणि चारचौघांत म्हणाली होती, "मास्तर, मला वाटतं, इथे हाड लागत असेल." मास्तर हातातली पट्टी न सोडताच म्हणाले, "गॉगल घातला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही." सगळे हसले. मास्तरांनी काही मनात ठेवून म्हटलं नव्हतं, त्याच दुपारी ते नेहमीसारखा चहा घेऊन आले होते. ताईनं मात्र त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. "मला वाटतं" हे दोन शब्द तिनं त्या इमारतीत पुन्हा उच्चारले नाहीत.

वाटायचं मात्र रोज. परत आलेलं सॉकेट हातात घेतलं की कुठे चट्टा पडलाय, कुठे घाम मुरलाय, कुठे अस्तर चपटं झालंय, हे बोटांना आपोआप कळायचं. माणूस कसा चालतो, कुठल्या बाजूला कलतो, कधी पाय काढून ठेवतो, तिला बसल्या जागी दिसायचं. मग ती चिठ्ठीवर लिहिलेलं तेवढंच काम करायची आणि पाय परत पाठवायची.

एका मंगळवारी एक पाय तिसऱ्यांदा परत आला. गुडघ्याखालचा, उजवा. चिठ्ठीवर मास्तरांचं अक्षर होतं, "पेशंटचं समाधान नाही. पुढून घासून द्या." दोनदा पुढून घासून झालं होतं. आणखी घासलं असतं तर तिथलं प्लास्टिक कागदाएवढं पातळ झालं असतं.

ताईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि सॉकेट उजेडात धरलं. पुढचा भाग कोरा होता, तिथे काही घासतच नव्हतं. मागची कड मात्र दोन ठिकाणी चकाकत होती. त्या कडेला अस्तराच्या शिवणीत दोऱ्याचे तुकडे अडकले होते. लाल, पिवळे, एक निळा. तिनं चिमट्यानं ते ओढून काढले आणि तळहातावर ठेवले.

मग ती स्टुलावर बसली. आपला गुडघा वाकवला आणि मागे लवणीत हात घातला. बसल्यावर तिथे दोन्ही बाजूंच्या शिरा दोरीसारख्या ताठ होतात. सॉकेटची मागची कड बरोबर तिथपर्यंत येत होती. उभं राहिलं की काही नाही, चाललं की काही नाही. बसलं, गुडघा वाकवला आणि तसाच तासन्‌तास ठेवला, की कड आत रुतणार.

ही बाई शिवणकाम करते, तेही पायानं चालवायच्या मशीनवर! आणि तिला तीनदा त्या दांड्यांमधून चालवून पाहिलं. बसवून कोणी पाहिलंच नाही.

फॉर्म काढून बघितला. 'व्यवसाय' पुढे लिहिलं होतं, 'घरीच असतात.'

तोंडानं सांगायचं जिवावर आलं म्हणून ताईनं चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं, "बाई बसून काम करतात का? मागची कड उतरवायला हवी." पाय पुढे पाठवला. तासाभरानं पाय परत आला. चिठ्ठी तीच होती आणि 'पुढून घासून द्या' खाली दोन रेघा मारल्या होत्या. ताईनं पुढून नावापुरतं घासलं आणि पाय पाठवून दिला.

दोन रात्री तिनं घरात वाक्याची तयारी केली. भांडी विसळताना मोठ्यानं म्हणून बघितलं, "मास्तर, एक सांगू का?" फार लाचार वाटलं. "मास्तर, माझं असं म्हणणं आहे." हे भाषणासारखं वाटलं. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून ती दचकली आणि नळ आणखी मोठा सोडला.

गुरुवारी शिवणवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला खणखणीत. ताई दोन खोल्यांमधल्या दाराशी येऊन उभी राहिली. मधल्या काचेतून सगळं दिसत होतं. बाई दांड्यांमधून दोन फेऱ्या चालल्या.

"दुखतंय?" मास्तरांनी विचारलं.

"इथे नाही दुखत. घरी दुखतं."

"घरी दुखतं आणि इथे दुखत नाही, म्हणजे दुखणं पायात नाही, डोक्यात आहे. सवय करा. सवयीनं जाईल."

ताईनं दाराच्या मुठीवर हात ठेवला. वाक्य पाठ होतं, पहिला शब्दही जिभेवर होता. पण आत दोन शिकाऊ मुली उभ्या होत्या, एक कारकून होता, आणि अकरा वर्षांपूर्वीचं ते हसणं जणू अजून त्या खोलीतच होतं. तिनं मूठ सोडली, परत बाकावर येऊन बसली आणि चष्मा लावला. स्वतःची एवढी चीड तिला कधीच आली नव्हती.

थोड्या वेळानं तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. शिवणवाल्या बाई फाटकाकडे चालल्या होत्या, कुबड्यांवर. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून पायाचा पंजा बाहेर डोकावत होता. भाजी न्यावी तसा त्या आपला पाय पिशवीत घालून घरी नेत होत्या.

मग ताई कधी उठली, कधी मागच्या दारानं बाहेर पडली, तिचं तिलाच कळलं नाही. बसथांब्याशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. कपाळावर चष्मा, गळ्यात लोंबणारा मास्क, हातापायांवर पांढरी धूळ. बाई दोन पावलं मागेच सरकल्या.

"तुम्ही बसून काय काम करता?" ताईनं विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

"आँ?"

"शिवणकाम करता ना? पायाच्या मशीनवर?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या पायानं," ताई म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिलाच लाजल्यासारखं झालं.

बाई मात्र खो खो हसल्या. "म्हणजे मला सोडून सगळ्यांशी बोलतो तो! अहो, शाळेचे गणवेश शिवते मी. दिवसाचे आठ तास. लोक म्हणतात विजेवरचं मशीन घ्या, पण माझा हातच बसलाय याच्यावर."

"मग फॉर्मवर का नाही सांगितलंत?"

"विचारलं, नोकरी करता का. म्हटलं नाही, घरीच असते. आणखी काय विचारलंच नाही कुणी."

बस आली. बाई गेल्या नाहीत. दोघी बाकावर बसल्या. रविवारी घरी येऊन मी तुम्हाला मशीनवर बघू का, असं ताईनं विचारलं तेव्हा तिचा आवाज कापत होता, पण प्रश्न पुरा झाला.

रविवारी ती गेली. दोन खोल्यांच्या घरात सात माणसं होती. सून, मुलगा, नातवंडं, कुणाची तरी मावशी. कुणी रडत होतं, कुणी अभ्यास मोठ्यानं पाठ करत होतं, आणि शिलाईचं मशीन या सगळ्याच्या मधोमध. बाईंनी पाय चढवला आणि मशीन चालवून दाखवलं. ताई जमिनीवर बसली आणि गुडघ्याशी डोळे नेऊन बघत राहिली. दहा मिनिटांत बाईंच्या कपाळावर आठी आली. ताईनं त्यांच्याच डब्यातला कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि सॉकेटच्या मागच्या कडेवर, रुतत होतं तिथे, दोन रेघा ओढल्या आणि पाय दुरुस्तीसाठी आपल्या पिशवीत घेतला.

"अगं, जेवूनच जा आता," बाई म्हणाल्या. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं. "घरी कोण वाट बघतंय?"

त्यांनी सहज विचारलं होतं. ताई म्हणाली, "बहिणीचा फोन येतो." ते खोटं नव्हतं. पण फोन यायला अजून पाच तास होते. घरी जाऊन ती खुर्चीत बसून राहिली, आणि कानात त्या घरातला गलका बराच वेळ घुमत होता.

सोमवारी ती गॉगल न लावता सरळ मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम केंद्राच्या प्रमुख, ताईपेक्षा वयानं लहान डॉक्टर. मास्तरही तिथेच आठवड्याचे फॉर्म घेऊन बसले होते. आपण मास्तरांना आधी एकटं गाठून सांगायला हवं होतं, हे ताईच्या लक्षात आलं, पण आता माघार घेतली असती तर पुन्हा अकरा वर्षं गेली असती.

"मॅडम, मला वाटतं, त्या शिवणवाल्या बाईंच्या सॉकेटची मागची कड बोटभर उतरवायला हवी, आणि दोन्ही बाजूंना शिरांसाठी खोबणी हव्यात. काल मी त्यांच्या घरी जाऊन बघितलं."

"घरी?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही." तिनं टेबलाची कड धरली. "चुकलं असेल माझं. पण त्या दिवसाचे आठ तास बसून मशीन चालवतात, आणि आपण त्यांना चालवून बघतोय." मग तिनं सगळं सांगितलं. दोरे, चकाकणारी कड, खडूच्या रेघा.

मॅडमनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फॉर्मकडे बघत होते.

"कड एकदा कापली की परत लावता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "चुकलं तर अख्खं सॉकेट नव्यानं करावं लागेल. खात्री आहे तुमची?"

खात्री आहे का, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं मनात चाचपून बघितलं. भीती होती, भरपूर होती. पण भीती कड कापायची नव्हती, माणसांची होती. कडेबद्दल शंका नव्हती.

"आहे," ती म्हणाली.

मास्तर तिच्या मागोमाग बाहेर आले. व्हरांड्यात कोणी नव्हतं.

"मला आधी सांगायचं नाहीस?" त्यांच्या आवाजात राग कमी होता आणि दुखणं जास्त. "एवढी वर्षं एकत्र चहा पितोय आपण."

"चिठ्ठीवर लिहिलं होतं."

"कुठे?"

"पाठीमागे."

"पाठीमागे कोण बघतं?" ते म्हणाले, "तोंडानं सांगायचं ना."

"सांगितलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, गॉगल घातला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही."

मास्तरांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा खरोखर प्रयत्न केला. "मी? कधी?"

त्यांना आठवत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, हे तिला दिसत होतं. जे वाक्य ती अकरा वर्षं उशाशी घेऊन झोपली, ते म्हणणारा माणूस त्याच दुपारी विसरून गेला होता. तिला रडावं की हसावं कळेना. "जाऊ द्या," ती म्हणाली.

कड तिनंच कापली. आधी पेन्सिलची रेघ, मग बारीक करवत, मग हीटगननं प्लास्टिक मऊ करून कड बाहेरच्या बाजूला जराशी वळवली आणि दोन खोबणी दाबून घेतल्या.

बुधवारी बाई आल्या. मॅडमनी खुर्ची मागवली, पुढे पायाशी हलती फळी ठेवली, आणि बाईंना सांगितलं, "मशीन चालवताय असं समजा." बाईंनी पिशवीतून चक्क एक गणवेश काढला आणि हातानं काजं करत, पाय हलवत बसल्या. पाव तास झाला. अर्धा झाला. दीड तासानं त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "अजून किती वेळ बसू? घरी भरपूर कामं पडलीत."

"दुखतंय?" मॅडमनी विचारलं.

"कुठे?" बाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या आल्या तशा नाही, आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेल्या. कुबड्या काखेत मारलेल्या, पिशवीत नुसता गणवेश.

मॅडमनी दोन गोष्टी केल्या. फॉर्मवर एक ओळ वाढवली, 'दिवसभर काय करता?' आणि ताईला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस तुम्ही पुढच्या खोलीत बसायचं आणि पेशंटशी बोलायचं. ताई "बघते" म्हणणार होती. तोंडून निघालं, "बसते. पण मला टेबल खिडकीशी हवं. मला उजेडात बघायची सवय आहे." मॅडम हसून हो म्हणाल्या.

मास्तर मागच्या खोलीत यायचे थांबले. भांडण नव्हतं. कामाचं बोलायचे, नीट बोलायचे, एकदा तर चारचौघांत म्हणाले, "ताईला विचारा, तिला कळतं त्यातलं." पण चार वाजता आपला कप आपल्याच टेबलावर घ्यायचे. दोन-तीन दिवस ती वाट बघत राहिली. मग स्वतःच दोन कप घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी कप घेतला, "ठेव," म्हणाले आणि हातातल्या पट्टीकडे वळले. आपण उगाच बोललो, असं तिला वाटलं नाही. पण आपला कप तिनं मागच्या खोलीत नेऊन एकटीनंच संपवला.

रविवारी बहिणीला तिनं सगळं सांगायला घेतलं. बाईच्या पिशवीपर्यंत आली असेल नसेल, तेवढ्यात पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला, पोर रडायला लागलं. "ताई, छानच गं! मला माहीतच होतं, तू हुशार आहेस. थांब हं, करते मी परत." फोन परत आला नाही. ताईनं उरलेली गोष्ट मनातल्या मनात पुरी केली.

पुढच्या महिन्यात, सोमवारी, ती खिडकीशी टेबल घेऊन बसली. पहिला पेशंट सत्तरीचे एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, डावा पाय गुडघ्याखाली नाही. तिनं फॉर्म पुढे ओढला आणि नव्या ओळीवर पेन टेकवलं.

"दिवसभर काय करता?"

"काही नाही," ते म्हणाले. "निवृत्त आहे."

पूर्वीच्या फॉर्मवर एवढंच लिहिलं गेलं असतं. ताई थांबली. तिला थांबता यायचं, आयुष्यभर तेच तर केलं होतं.

"जिना उतरतो," थोड्या वेळानं ते म्हणाले. "आणि चढतो. खाली कोणी भेटलं तर दोन शब्द होतात."

"कितवा मजला?"

"चौथा. लिफ्ट आहे. पण लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही हो, सगळे आकड्यांकडे बघतात. जिन्यात कसं, माणूस दमतो, टेकतो, मग बोलावंच लागतं."

"दिवसातून किती वेळा?"

ते जरा ओशाळले. "चारदा. कधी पाचदा."

ताईनं लिहिलं, 'जिना. चार मजले, चार ते पाच वेळा.' मग टेप घेऊन ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, आणि म्हणाली, "आधी उतरताना कसं करता ते सांगा. घाई नाही."

ते सांगू लागले. चौथ्या मजल्यावरच्या दारापासून सुरुवात केली, कठड्याचा कुठला भाग सैल आहे, कुठे उजेड कमी पडतो, दुसऱ्या मजल्यावर कोण राहायचं आणि आता नाही. ती टेप हातात धरून ऐकत राहिली.